पोटातल्या कॉम्प्युटरचा पहारा

मत्सराच्या बाबतीत मी काटकसरी माणूस आहे. लोक उधळपट्टी करतात. शेजाऱ्याच्या गाडीवर थोडा, सहकाऱ्याच्या बढतीवर थोडा, रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाच्या दाट केसांवरसुद्धा थोडा. मी माझा सगळा साठा एकाच माणसासाठी राखून ठेवला आहे. तो माणूस म्हणजे माझा साडू, माझ्या मेहुणीचा नवरा. ज्या वर्षी त्याने एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवून दाखवला, त्या वर्षी हा साठा असा काही फळाला आला की ती गोष्ट मनातच ठेवणं म्हणजे वाचकांवर अन्याय आहे.

मी शाळेत भूगोल शिकवतो. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलो, वडील मिलमध्ये कारकून. सासुरवाडी इंदूरच्याच लालबागच्या बाजूची. तिथल्या चार पिढ्या संस्थानी दप्तरात लेखणी चालवत आल्या, त्यामुळे त्या घरात किराणा सामानाची यादीसुद्धा फर्मानासारखी दिसते. अशा घरात मी जावई म्हणून गेलो तेव्हा माझ्याकडे मिरवण्यासारखं एकच होतं. मला कॉम्प्युटरची भीती वाटत नव्हती. त्या काळात हा गुण दुर्मिळ होता. चांगले चांगले लोक माऊसला हात लावण्याआधी घरच्यांना विचारत.

सासऱ्यांना मुलगा नाही. दोन मुली, थोरली माझी बायको, धाकटी साडूची. सासरे निवृत्त झाल्यापासून पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालवतात. इंदूर, देवास, उज्जैन, महू इथल्या मराठी घरांतून फॉर्म येतात. सासरे फॉर्म दोनदा वाचतात, कॉम्प्युटरमध्ये टाइप करतात आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करतात. खूण झाली म्हणजे फॉर्म आत गेला. मग कुणाचा फोन आला की गोत्र, नाडी, उंची, शिक्षण घातलं की जुळणारी स्थळं बाहेर. हा कार्यक्रम, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, एका ओळखीच्या प्राध्यापकाने बावीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता आणि तो फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. नव्या मशीनला तो दाखवला तर ते ओळख द्यायला तयार नसे.

सासऱ्यांचं वय ब्याऐंशी. घरात कुजबुज सुरू झाली होती की आता पुरे झालं. ती त्यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच कायदा करून टाकला. "ज्या दिवशी माझ्या हातून एक फॉर्म इकडचा तिकडे होईल, त्या दिवशी मी केंद्र बंद करीन. तोवर कुणी बोलायचं नाही." कायदा तिथल्या तिथे लागू झाला. सासूबाई मात्र स्वयंपाकघरात मला म्हणाल्या होत्या, "ते बंद झालं न, तर हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहतील. मला बघवणार नाही ते."

तर त्या जुन्या कॉम्प्युटरचा वैद्य मी होतो. वीस वर्षं. माझी विद्या साधी होती. डबा उघडायचा, धूळ उडवायची, रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. दहातल्या नऊ वेळा तो उठून बसायचा. दहाव्या वेळी मी तीच पट्टी पुन्हा घासायचो, पण चेहरा जास्त गंभीर ठेवून. सासऱ्यांचा फोन यायचा, "मास्तर, जरा येऊन जा." ते ऐकताच मी सातवीच्या वर्गात मान्सूनचे वारे अर्ध्यावर सोडून निघत असे. खरं सांगतो, त्या घराने मला जावई म्हणून लग्नाच्या दिवशी स्वीकारलं नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा तो फोन आला, त्या दिवशी स्वीकारलं.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात मशीनचा मदरबोर्ड गेला. मी पट्टी घासली. पुन्हा घासली. बायको म्हणाली, "आता ती झिजेल." मशीन काही उठलं नाही.

आणि साडू आला.

हा मूळचा पुण्याचा. कंपनीने इंदूरला पाठवला आणि तो इथेच राहिला. दिसायला बरा, बोलायला शुद्ध, आणि सर्वांत वाईट म्हणजे स्वभावाने चांगला. मी त्याला इंदुरी थाटात 'भिया' म्हणतो ते त्याला खुपावं म्हणून. तर त्याने तेही आवडून घेतलं. सासरे मला मास्तर म्हणतात. त्याला म्हणतात इंजिनियरसाहेब. मास्तर आणि साहेब. याच्यावर मी कधी एक अक्षर बोललेलो नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

त्याने जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून नेली आणि चार दिवसांनी एक नवं कोरं मशीन घेऊन आला. सगळे खोलीत जमले. त्याने ते सुरू केलं. नवं विंडोज आलं. मी मनात म्हटलं, चला, आता तो कार्यक्रम काही चालत नाही. तेवढ्यात त्याने एका चित्रावर क्लिक केलं, पडद्यावर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत आमचं जुनं मशीन सुरू झालं! तोच हिरवा डोंगर, तोच निळा पट्टा, सासऱ्यांनी ठेवलेला तोच गजाननाचा फोटो. मेलेला माणूस खिडकीतून डोकावून "चहा झाला का?" म्हणतोय असा प्रकार.

"याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, बाबा," साडू म्हणाला. "हा खरा कॉम्प्युटर नाही. नव्या कॉम्प्युटरने आपल्या पोटात एका जुन्याचं सोंग वठवलं आहे. आतल्याला कळतसुद्धा नाही की आपण आत आहोत."

"म्हणजे माझे सगळे फॉर्म?"

"सगळे. एकही हललेला नाही."

सासरे खुर्चीत बसले, कार्यक्रम उघडला, एक स्थळ शोधलं. आलं. दुसरं शोधलं. आलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "इंजिनियरसाहेब, तुम्ही तर मला परत नोकरीवर घेतलंत."

सासूबाई त्याच्यासाठी शिरा करायला उठल्या. वीस वर्षांत मला खोडरबरासाठी चहा मिळाला होता. त्यात साखरही बेताची असायची.

साडू पुढेही काही सांगत होता. मशीनचा एक फोटो काढून ठेवला आहे, आत काही बिघडलंच तर एका बटणावर त्या क्षणाला परत जाता येतं, वगैरे. मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष शिऱ्यातल्या बेदाण्यांवर होतं. मोजत होतो असं नव्हे, पण त्याच्या वाटीत जास्त होते.

चार दिवस मी शस्त्र शोधत होतो. पाचव्या दिवशी सापडलं. साडू तिथे असताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भिया, आतल्या कॉम्प्युटरमध्ये अँटिव्हायरस कोणता टाकलाय?"

"आत नाही टाकला, दादा. गरज नाही. आतल्याचं इंटरनेट मी बंदच केलंय. आणि बाहेरच्यावर आहेच की."

"बाहेरचा आतलं बघतो?"

"तसं पूर्ण नाही बघत. त्याच्या दृष्टीने आतला म्हणजे एक मोठी फाइल."

"म्हणजे फाटकावर चौकीदार उभा आहे," मी खोलीभर नजर फिरवत म्हटलं, "आणि देवघराचं दार सताड उघडं. आणि मराठी मंडळाकडून पेनड्राइव्हवर मुलामुलींचे फोटो येतात, ते कुठे लावतात? आत! बाबा, मी काही इंजिनियर नाही. आपला साधा सवाल आहे."

सासऱ्यांनी साडूकडे पाहिलं. माझ्या आयुष्यातला तो फार सुंदर क्षण होता.

पण साडू हसला. "मुद्दा बरोबर आहे दादांचा," तो म्हणाला, आणि तिथेच माझा पराभव सुरू झाला. "पण आत टाकला तर बाबांना ते जड जाईल. आतल्याला मेमरी कमी दिली आहे, जुना अँटिव्हायरस ती सगळी खाईल. शिवाय हा कार्यक्रम जुना, कुणाच्या सहीशिक्क्याचा नाही. अँटिव्हायरसला तोच चोर वाटायचा. त्यापेक्षा पेनड्राइव्ह आधी बाहेर लावायचा, तपासायचा, मग आत द्यायचा. मी बाबांना शिकवतो."

आणि त्याने शिकवलंही. दोन मिनिटांत. सासरे मान डोलावत होते. "वाह, एकदम सोपं आहे," म्हणाले. ज्या माणसाशी भांडायचं असतं त्याने आपलं म्हणणं मान्य करून पुढे जावं, यासारखी दुष्टाई नाही.

तरी मी गप्प बसलो असतो. खांडेनवमी आली नसती तर.

त्या घरात नवमीला औजारांची पूजा असते. पणजोबांची दौत, आजोबांचा टाक, सासऱ्यांचा टाइपरायटर आणि गेल्या वीस वर्षांपासून कॉम्प्युटर. घराचा रिवाज असा की जो औजाराला धार लावतो, त्याने त्याची पूजा करायची. टाइपरायटरला सासरे स्वतः तेल घालतात, म्हणून तो त्यांचा. कॉम्प्युटर माझा. मी नवा सदरा घालून गेलो. ताटात कुंकू, झेंडूची फुलं, सगळं तयार होतं. सासऱ्यांनी दौतीला, टाकाला, टाइपरायटरला हळदकुंकू वाहिलं आणि ताट उचलून म्हणाले, "या, इंजिनियरसाहेब."

माझा हात पुढे झालेला होता. मी त्याच हाताने डोकं खाजवलं.

साडू बिचारा म्हणाला, "दादा करतात ना दरवर्षी—"

"हो, पण आता धार तुम्ही लावता," सासरे म्हणाले. त्यात राग नव्हता, अपमान नव्हता. नुसता नियम होता. दप्तरी घराणं.

मग वाद निघाला की कुंकू बाहेरच्याला लावायचं की आतल्याला. काम तर आतला करतो.

"आतल्याला कसं लावणार? तो आत आहे," मेहुणी म्हणाली.

"स्क्रीनला नका लावू हो, डाग पडतो," सासूबाई म्हणाल्या.

साडूने खिडकी मोठी करून आतला कॉम्प्युटर पडदाभर पसरवला, पडद्याच्या काठावर, बरोबर आतल्या 'स्टार्ट' बटणाखाली कुंकवाचं बोट टेकवलं आणि वर फूल ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सर्वांत जोरात माझ्याच वाजल्या.

दसऱ्यानंतर साडू आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून दोन आठवडे पुण्याला गेला. आता तुम्ही म्हणाल, माणसाने एवढ्यावर आवरावं. मी आवरलं, पूर्ण एक दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे-सासूबाई महूला एका मुलीच्या घरी जेवायला गेले होते. केंद्रातून जमलेलं लग्न, त्यामुळे मान होता. घराची किल्ली आमच्याकडे असते. शाळेच्या जुन्या लॅबमध्ये जुन्या विंडोजवर चालणारा अँटिव्हायरस पडून होता. तो पेनड्राइव्हवर घेऊन मी गेलो. माझा विचार पूर्णपणे उदात्त होता. देवघराच्या दारावर पहारा बसवायचा, आणि साडू परत आला की सासऱ्यांसमोर सहज म्हणायचं, "ते मी बसवून टाकलं हो." बस. एवढंच वाक्य. मी स्कूटरवर त्याची तालीमही केली.

पहारेकरी आत बसला. तपासणी सुरू झाली. साडू म्हणाला होता तसं आतलं मशीन गुडघ्यावर आलं. माऊस हलवला की बाण अर्ध्या मिनिटाने निघायचा. पाऊण तासाने एकदम लाल पट्टा आला: एक धोका सापडला!

माझ्या आनंदाचं वर्णन मी करू शकत नाही, वय झालंय. मी खोलीत एक फेरी मारली. इंजिनियरसाहेब, गरज नाही म्हणत होतात न? आतमध्ये चोर बसला होता, आणि पकडला कुणी? भूगोलाच्या मास्तराने! खाली दोन बटणं होती. कोणती फाइल आहे ते मी वाचलं नाही. चोराचं नाव कोण विचारतो? मी 'काढून टाका' दाबलं.

आणि पडद्यावरचं कलशाचं चित्र पांढरं पडलं. तो कलश म्हणजे वधूवरांचा कार्यक्रम. क्लिक केलं, उघडेना. साडूने सांगितलं होतं अगदी तसंच झालं होतं. पहारेकऱ्याने घराच्या मालकालाच चोर समजून हाकलून दिलं होतं.

पुढचा अर्धा तास मी काय काय केलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की रॅमची पट्टी काढायला मी नव्या मशीनचे स्क्रू सैल केले होते. मग आठवलं, तो फोटो! शिऱ्याच्या वेळी ऐकलेलं अर्धं वाक्य! बाहेरच्या खिडकीच्या मेनूत शोधलं. सापडला. साडूने त्याला नाव दिलं होतं 'सर्व ठीक'. मी तो दाबला. मशीनने विचारलं, सध्याची अवस्था जतन करायची का? मी म्हटलं, या अवस्थेत जतन करण्यासारखं काय आहे? नाही म्हणालो.

क्षणात सगळं जागेवर. कलश लाल. अँटिव्हायरस गायब, जणू मी आलोच नव्हतो. मी पेनड्राइव्ह खिशात टाकला, खुर्ची पहिल्यासारखी सरकवली आणि घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. इतका निर्दोष गुन्हा भूतलावर कुणी केला नसेल.

तीन दिवसांनी बायको माहेरून आली. समोरचा चहा तिने निवू दिला.

"बाबांना काहीतरी झालंय," ती म्हणाली. "परवा देवासहून एका आईचा फोन आला. नवरात्रात फॉर्म दिला होता, काही स्थळ आहे का म्हणून. बाबांनी शोधलं, तर फॉर्मच नाही. मग दुसरा शोधला, तोही नाही. कागदावर खूण आहे, आत फॉर्म नाही. असे अडतीस निघाले."

"अडतीस?"

"अडतीस. नवरात्रातले सगळे. बाबा म्हणतात, मी टाइप न करताच खुणा करत बसलो. मला आठवतंय मी टाइप केले, पण आठवण खोटी आहे, असं म्हणतात. आई रडली. येत्या रविवारी मंडळात सांगणार आहेत, केंद्र बंद म्हणून. डॉक्टरची वेळ घेतलीय."

माझ्या हातात कप होता. मी तो ठेवला आणि मग लक्षात आलं की बशी तिथे नाही.

त्या क्षणाला परत जाता येतं, असं साडू म्हणाला होता. पितृपंधरवड्यातला क्षण होता तो. मी मशीनला तिकडे नेलं, आणि त्यानंतर सासऱ्यांनी एका बोटाने, दोनदा वाचून, जे जे टाइप केलं होतं ते सगळं, मशीनच्या दृष्टीने, अजून घडायचंच होतं.

मी लगेच स्कूटर काढली. इथे माझं चारित्र्य उजळून निघायला हवं. पण खरं सांगतो, रस्त्यात माझ्या मनात आलं ते असं: यात मला माझं नाव घ्यायची गरजच काय? मशीन कुणी बसवलं?

सासरे पुढच्या खोलीत होते. कॉम्प्युटर बंद. टेबलावर अडतीस कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल खूण, आणि ते एकेका खुणेवरून बोट फिरवत होते.

"बसा, मास्तर. ऐकलं असेल तुम्ही."

"बाबा, डॉक्टरची काही गरज नाहीये," मी म्हटलं. "ते आतलं मशीन आहे न, ते भरवशाचं नाही. सोंग ते सोंगच. त्यानेच खाल्ले असतील फॉर्म. मी आधीपासून म्हणून राहिलो होतो."

त्यांनी मान हलवली. "नाही. साहेबांचं मशीन चुकत नाही. जुने सतराशे फॉर्म जागेवर आहेत, मी सगळे तपासले. हे अडतीसच नाहीत. मशीन काय मोजून नवरात्रच खाईल? माझं डोकं चुकलं." मग अगदी हळू म्हणाले, "मास्तर, मला या हातोदच्या मुलाचा फॉर्म टाइप केल्याचं दिसतंय डोळ्यांसमोर. शेती आहे, बी.एस्सी. झालाय, आईचं माहेर धारचं. असं स्वच्छ दिसतंय. तेही खोटं असेल, तर मग मी काय काय खोटं बघत असेन?"

माझ्या मनात दोन गोष्टी एकदम झाल्या, आणि दोन्ही सांगतो. एक म्हणजे गलबलून आलं. दुसरी, आणि ती आधी झाली: या माणसाला स्वतःच्या डोक्यापेक्षा साडूच्या मशीनवर जास्त विश्वास! ब्याऐंशी वर्षं वापरलेलं डोकं मोडीत काढायला तयार, पण साहेबांच्या मशीनवर ठपका नको! हा मत्सर इतका जोराचा होता की बहुधा त्याच्याच धक्क्याने खरं बाहेर पडलं.

"मशीन नाही चुकलं, बाबा. तुम्हीपण नाही चुकलात. मी पुसले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सगळं सांगितलं. किल्ली, पेनड्राइव्ह, लाल पट्टा, फेरी मारली तेसुद्धा. 'सर्व ठीक' सांगितलं. दारात सासूबाई हातात पीठ घेऊन उभ्या होत्या.

"म्हणजे," सासरे म्हणाले, "मी टाइप केले होते?"

"हो."

"अडतीसच्या अडतीस?"

"हो, बाबा."

"हातोदचासुद्धा?"

"तोसुद्धा."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता ऐकून घ्यायचंय. ते दाराकडे वळून गरजले, "अहो, ऐकलंत का! माझं डोकं शाबूत आहे! गाढवपणा मास्तरांनी केलाय!"

"माझा जीव टांगणीला लावला होता हो तुम्ही," सासूबाई मला म्हणाल्या. "दोन रात्री झोपले नाहीत हे. आणि कशासाठी? तो नसताना त्याच्या मशीनला हात लावायचा होता, म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

"किती वर्षांचे आहात?"

"बावन्न."

"चलो, कमीत कमी खोटं तर नाही बोलले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने चहा आला. त्यात साखर होती.

सासऱ्यांनी मात्र त्या दुपारी टेलिफोनची वही काढली आणि सात ठिकाणी फोन केले. देवासच्या बाईंना, मंडळाच्या सचिवांना, डॉक्टरला वेळ रद्द करायला. प्रत्येकाला तेच वाक्य, प्रत्येक वेळी जास्त रंगवून. "नाही हो, मला काही झालेलं नाही. आमचे थोरले जावई जरा भोळे आहेत." मी समोर बसून ऐकत होतो. पुण्यालाही फोन गेला. तो मात्र मला लावायला लावला. साडूने सगळं ऐकलं आणि तो म्हणाला, "दादा, चूक माझीही आहे. मी फोटो दर आठवड्याला काढायला हवा होता."

बघा. चुकीतसुद्धा वाटा मागतो.

शिक्षा अशी ठरली की अडतीस फॉर्म मी टाइप करायचे. शाळा सुटल्यावर रोज. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसत, कागद माझ्या हातात देत आणि स्वतः डोळे मिटून तोंडाने मजकूर सांगत. त्यांना कागद नको होता. ते स्वतःची परीक्षा घेत होते. कागद फक्त माझ्यासाठी, पडताळायला. "हं, लिहा. गोत्र भारद्वाज. नाडी मध्य. उंची पाच फूट दोन. नोकरी बँकेत, महूला. बरोबर?"

"बरोबर."

"पुढचा."

तेवीस झाले, तीस झाले, एक अक्षर चुकलं नाही. त्यांचा आवाज दिवसागणिक तरुण होत होता. शेवटच्या दिवशी आठ राहिले होते. साडू पुण्याहून परतला होता आणि थेट तिथे आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. आत काही टाकायचं असेल तर आता नवा फोटो काढूनच, असं तो म्हणाला आणि मी मागे न बघता मान डोलावली.

"हातोद," सासरे डोळे मिटून म्हणाले. "हा तर मला तोंडपाठ आहे. शिक्षण बी.एस्सी., शेती, आईचं माहेर धार. गोत्र कौशिक. उंची पाच फूट आठ."

मी कागद पाहिला. गोत्र कौशिक. धार. बी.एस्सी. उंची पाच फूट सात.

त्यांनी डोळे उघडले नव्हते. चेहरा शांत होता, हात गुडघ्यावर. मला हे फार दिवस विचारायचं राहिलंय, की माणसाला एक इंच कितीसा मोठा असतो, केंद्र बंद करण्याइतका? मी पाच फूट सात टाइप केलं.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर, बाबा. एकदम पक्का."

मागून साडू माझ्या खांद्यावरून वाकला होता. त्याने कागद पाहिला होता, पडदाही पाहिला होता. मी मान वळवली. तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, सासऱ्यांच्या हातात दिली, आणि एक शब्दही बोलला नाही. सासऱ्यांनी डोळे उघडून कागदावर जुन्या खुणेशेजारी नवी खूण केली.

इतक्या चांगल्या वेळी इतकं गप्प राहणं मला जमलं नसतं. त्याचाही मला मत्सर वाटला.